साटा, सॅस की एनव्हीएमई: काट्यावरची पावती नेमकी कुठे अडते?

साटा, सॅस आणि एनव्हीएमई म्हणजे डिस्क सर्व्हरला जोडायच्या तीन पद्धती. प्रश्न एका साखर कारखान्याच्या संगणक विभागातून आला आहे. थोडक्यात असा: सर्व्हर सात वर्षांचा. आत ४ टीबीच्या तीन साटा हार्ड डिस्क, रेड-५ मध्ये, म्हणजे एक मेली तरी डेटा वाचेल अशा एकत्र बांधलेल्या. डेटाबेस १८० जीबीचा, वापरणारे सत्तरेक जण. पहिली चार-पाच वर्षं काटा पावती बटण दाबलं की निघायची. गेल्या दोन हंगामांत मात्र, विशेषतः पंधरवड्याची ऊस बिलं चालू असली की, एका पावतीला आठ-दहा सेकंद लागतात आणि बाहेर ट्रॅक्टर खोळंबतात. नवीन सर्व्हरसाठी तीन कोटेशनं आली आहेत. साटा हार्ड डिस्कचं सगळ्यात स्वस्त, १०,००० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) आठ सॅस डिस्कचं त्याच्या दीडपट आणि एनव्हीएमईचं जवळजवळ तिप्पट. ‘एमडी साहेब विचारतात, तिप्पट पैसे कशाला? त्यांना काय सांगू?’

कोटेशनं जरा बाजूला ठेवा. आधी रेड कार्डाची बॅटरी बघा. याला एक रुपयाही लागत नाही.

कारण सांगतो. रेड कार्ड म्हणजे या डिस्क एकत्र चालवणारं कार्ड. त्यावर थोडी मेमरी असते. डेटाबेसने ‘हे लिही’ म्हटलं की कार्ड ते मेमरीत घेतं, ‘लिहिलं’ असं सांगून मोकळं होतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. मधेच वीज गेली तर मेमरीतलं जाऊ नये म्हणून कार्डाला बॅटरी असते. ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. ती थकली की बहुतेक कार्डं आपणहून ही सवलत बंद करतात आणि प्रत्येक नोंद खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत डेटाबेसला थांबवून ठेवतात. सर्व्हर बंद पडत नाही, पडद्यावर काही येत नाही, फार तर पुढच्या बाजूला पिवळा दिवा लागतो आणि त्यावर कुणीतरी कागद चिकटवतं. पाच वर्षं बरं चाललं आणि मग बिघडलं, हे तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथंच जातो. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘राइट बॅक’ (सवलत चालू) आहे की ‘राइट थ्रू’ (सवलत बंद) झालंय ते दिसेल. ‘राइट थ्रू’ असेल तर निम्मं कोडं सुटलं. पण ‘बॅटरी नसली तरी राइट बॅक चालू ठेव’ अशीही एक खूण तिथं असते, तिला हात लावू नका.

सात वर्षांच्या डिस्कवर पुढचा हंगाम काढा असं मी तरीही म्हणणार नाही. सर्व्हर बदलाच. पण काय बदलायचं हे ठरवायला तुमच्याकडचं काम किती आहे ते मोजू.

समजा रोजचं गाळप ५,००० टन आहे. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या धरून दिवसाला साडेतीनशे वाहनं. प्रत्येकाचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन, म्हणजे सातशे नोंदी. चोवीस तासांत सातशे म्हणजे दर दोन मिनिटांना एक. हा भार इतका किरकोळ आहे की साध्या लॅपटॉपनेही उचलावा. तरी पावती अडते, कारण ती एकटी नसते. त्याच डिस्कवर त्याच वेळी ऊस बिलांचा प्रोग्राम हजारो सभासदांच्या नोंदी, तोडणी-वाहतुकीची कपात, सोसायटीची वसुली हे सगळं इथून तिथून वाचत असतो.

आता डिस्कचं गणित. ७,२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड योग्य रिंगणावर न्यायला अंदाजे ८. एकूण १२ मिलिसेकंद, म्हणजे विखुरलेल्या जागी सेकंदाला साधारण ८० कामं. तीन डिस्क धरून २४० वाचनं. लिहिताना रेड-५ मध्ये एका नोंदीसाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (डिस्क मेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायच्या, अशी चार कामं होतात. म्हणून लिहिण्याचा दर सेकंदाला जेमतेम ६०. बिलांचा प्रोग्राम एवढी रांग एका दमात लावतो आणि पावतीची नोंद त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. एक पावती म्हणजे एकच नोंद नसते; वजन, वाहन, सभासदाचं खातं, लॉग असं करत पाच-सहा वेळा डिस्कपर्यंत जाऊन यावं लागतं. प्रत्येक खेपेला दीड सेकंद गेला की झाले आठ-दहा सेकंद.

यात इंटरफेसचा वाटा किती? डेटाबेसचं पान ८ केबीचं धरा. सेकंदाला ८० पानं म्हणजे ६४० केबी. साटाची वाट ६ गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला ६०० एमबीची. तुमची डिस्क त्या वाटेचा जेमतेम हजारावा हिस्सा वापरते. गेटपासून काट्यापर्यंतचा रस्ता चौपदरी केला तरी काटा एकच असेल तर वजनं तेवढीच होणार. म्हणून हार्ड डिस्क घेताना ‘६ जी की १२ जी’ या वाटेच्या गिगाबिटच्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. सलग मोठ्या फाइली वाचतानासुद्धा आजची चांगली ७,२०० ची डिस्क सेकंदाला २५० एमबीच्या आसपास देते, साटाच्या निम्म्याखाली.

मग सॅस कशासाठी असतं? वेगासाठी असतं हा समज इतका रुजलाय की पुरवठादारही तेच सांगतात. सॅसचे खरे गुण वेगळे आहेत. डिस्कला दोन पोर्ट असतात, त्यामुळे एकच डिस्क दोन कंट्रोलरना, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या कार्डांना, जोडता येते आणि एक कंट्रोलर मेला तरी काम चालू राहतं. एक्स्पांडर (एका जोडणीच्या अनेक करणारा भाग) लावून एका कार्डावर शंभर-शंभर डिस्क टांगता येतात. साटाची केबल एक मीटरपर्यंत चालते, सॅसची कितीतरी लांब जाते. डिस्क रुसली तर नुसती तिलाच रिसेट करायची सोय सॅसमध्ये जास्त नीट आहे. एक्स्पांडरमागची एखादी आजारी साटा डिस्क शेजारच्यांनाही लटकवते, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. पण हे सगळं तुमच्याकडे लागू कुठे होतं? एक सर्व्हर, एक कार्ड, चार-सहा डिस्क. दुसरा पोर्ट आयुष्यभर रिकामाच राहणार.

१०,००० आरपीएमच्या आठ डिस्कचं कोटेशन तर मी आज कुणालाच घेऊ देणार नाही. अर्धा फेरा ३ मिलिसेकंद, हेड हलायला ४ धरा, म्हणजे डिस्कमागे सेकंदाला १४० कामं. आठ डिस्क रेड-१० मध्ये (प्रत्येक नोंद दोन डिस्कवर) लावल्या तर वाचन ११०० च्या पुढे, लिहिणं साडेपाचशेच्या आसपास. तुमच्या आजच्या स्थितीपेक्षा लिहिणं नऊपट, हे खरं. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः डोळे झाकून हेच लिहून दिलं असतं. पण आज एकच साधी सर्व्हरची साटा एसएसडी, म्हणजे फिरणारं काही नसलेली, फ्लॅश चिपवर लिहिणारी डिस्क, विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी करते आणि लिहिणंही दहा-वीस हजारांच्या घरात. आठ फिरत्या डिस्क, त्यांची वीज, त्यांची उष्णता, आणि आठ ठिकाणी बिघाडाची शक्यता, एवढं सगळं पदरात घेऊन तुम्ही एका एसएसडीच्या जवळपासही पोचत नाही.

म्हणजे तीन कोटेशनांत जे हवं तेच नाही. चौथं मागवा. ‘सर्व्हर श्रेणीच्या दोन साटा एसएसडी, प्रत्येकी ९६० जीबी किंवा १.९२ टीबी, रेड-१ मध्ये. शिवाय मोठ्या दोन साटा हार्ड डिस्क, रेड-१ मध्ये, बॅकअप आणि स्कॅन केलेल्या कागदांसाठी.’ रेड-१ म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिणं. हे पहिल्या कोटेशनच्या थोडं वर आणि तिसऱ्याच्या बरंच खाली बसायला हवं. तसं बसलं नाही तर पुरवठादार बदला.

‘सर्व्हर श्रेणीच्या’ हे दोन शब्द खोडून कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर काय होतं, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. सांगलीत एका औषध वितरकाच्या सर्व्हरला मी एकदा बाजारातल्या साध्या एसएसडी बसवल्या. खोक्यावर सेकंदाला पाऊण लाखाच्या वर कामांचा दावा होता. प्रत्यक्षात बिलिंग जोरात चालू झालं की सर्व्हर धापा टाकायचा. मी प्रत्येक नोंदीनंतर फ्लश, म्हणजे ‘आत्ताच पक्कं लिही’, करायला लावून चाचणी घेतली तर आकडा आला पाचशेच्या आसपास. साधी एसएसडी आधी आपल्या मेमरीत लिहून घेते. ‘पक्कं लिही’ म्हटलं की तिला खरोखर फ्लॅशमध्ये उतरवावं लागतं, आणि ते काम सावकाशीचं असतं. यावर मी शहाणपणा केला. विंडोजमध्ये त्या डिस्कची बफर फ्लशिंग बंद करायची खूण आहे, ती करून टाकली. सर्व्हर पळायला लागला, मालक खूश, मी चहा घेऊन घरी. तीन आठवड्यांनी दुपारी वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या पाणी न घातल्याने कोरड्या होत्या. डेटाबेस उठलाच नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि दिवसभराची बिलं कार्बन कॉपीवरून पुन्हा टंकत रात्रीचे अडीच वाजले. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

सर्व्हर श्रेणीच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात. वीज गेली तरी त्यांत उरलेल्या विजेवर मेमरीतलं सगळं फ्लॅशमध्ये उतरवता येतं. म्हणून ती डिस्क ‘लिहिलं’ असं लगेच सांगू शकते आणि ते खरंही असतं. तुमच्या काट्याच्या पावतीला जो वेग हवा तो नेमका हा. साटा-एनव्हीएमई या वादाआधी हा प्रश्न विचारा: पॉवर लॉस प्रोटेक्शन, म्हणजे ही कपॅसिटरची सोय, आहे का? नसेल तर एनव्हीएमईसुद्धा नको.

आता तिसरं कोटेशन, एनव्हीएमई. त्याला मी वाईट म्हणणार नाही, उलट भविष्य तिकडेच आहे. साटा २००९ पासून ६ गिगाबिटवर थांबलंय आणि पुढे जाण्याची चिन्हं नाहीत. त्याची आज्ञांची रांग एकच, आणि तीही ३२ ची. २०११ साली एनव्हीएमईची पहिली आवृत्ती आली ती मुळातच फ्लॅशसाठी आखलेली: हजारो रांगा, प्रत्येकीत हजारो आज्ञा, मधे डिस्क कंट्रोलर नाही, डिस्क थेट प्रोसेसरच्या पीसीआयई मार्गांवर, म्हणजे प्रोसेसरपासून निघणाऱ्या आतल्या जलद वाटांवर. चौथ्या पिढीचे चार मार्ग मिळाले की एकच डिस्क सेकंदाला ७ जीबीपर्यंत जाते. पण हे आकडे शेकडो जण एकाच वेळी मागायला आले तर दिसतात. एकाने एकच गोष्ट मागितली तर फरक कमी. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलात तर १२ मिलिसेकंदांचा काळ त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका होतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर उरलेला काळ फार तर निम्मा. पावती आठ सेकंदांवरून डोळ्याचं पातं लवेपर्यंत आली, की त्याच्या निम्म्यात येते का हे काट्यावरच्या कारकुनाला कळणार नाही.

मग एनव्हीएमई मी कुठे घेतो? एकाच सर्व्हरवर आठ-दहा व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात चालणारे वेगवेगळे आभासी सर्व्हर) असतील तिथे. जिथं डेटाबेस मेमरीत मावत नाही आणि दिवसभर अहवाल चालतात तिथे. आणि जिथं डेटाबेसचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात तिथे, हे फार कुणी लक्षात घेत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा परवाना पुष्कळदा कोअरमागे असतो. डिस्कची वाट बघत बसलेल्या कोअरचेही पूर्ण पैसे तुम्ही भरत असता. परवान्याचा आकडा पुष्कळदा डिस्कच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे महाग डिस्क घेऊन चार कोअर वाचले तर एकूण बिल खाली येतं.

शिवाय एक गोष्ट मोकळेपणी सांगायला हवी. सर्व्हर श्रेणीच्या साटा आणि एनव्हीएमई एसएसडींच्या टीबीमागच्या किमतीत आता पूर्वीइतकी दरी राहिलेली नाही. तुमच्या कोटेशनमधली तिप्पट ही नुसत्या डिस्कची नसावी. महाग चेसिस (सर्व्हरची पेटी), ट्राय-मोड कार्ड (तिन्ही प्रकारच्या डिस्क चालवणारं रेड कार्ड), दुप्पट क्षमता असं काहीतरी आत असणार. फोड करून मागा. त्याच सर्व्हरवर दोन साटा एसएसडी आणि दोन एनव्हीएमई यांत दहा-पंधरा टक्क्यांचाच फरक निघाला तर एनव्हीएमई घ्या.

तरीही कारखाना गावाबाहेर आहे हे विसरू नका. साटा-सॅसच्या रेड कार्डावर डिस्क मेली की तिचा लाल दिवा लागतो; रात्रपाळीचा ऑपरेटर फोनवर विचारून ती ओढतो, नवी सारतो, बाकीचं कार्ड बघून घेतं. एनव्हीएमई थेट प्रोसेसरला जोडलेली असेल तर मिररिंग, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिणं, ऑपरेटिंग सिस्टिम करते. लिनक्सवर किंवा विंडोज सर्व्हरवर ते उत्तम चालतं, पण डिस्क बदलताना चार आज्ञा बरोबर क्रमाने द्याव्या लागतात, आणि हंगामात पहाटे तीन वाजता त्या कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. ट्राय-मोड कार्डावर ही अडचण नाही, पण मग कार्डाचे पैसे मोजा. आणि एम.२ पट्टीवाली डिस्क मुख्य डेटासाठी नकोच. ती बदलायला बहुधा सर्व्हर बंद करून झाकण काढावं लागतं.

कोटेशनमध्ये बॅकप्लेनचा शब्द शोधा. डिस्क जिथं सरकवतो तिथली आतली पाटी म्हणजे बॅकप्लेन. साटा डिस्क सॅसच्या बॅकप्लेनवर बसते, सॅस डिस्क साटाच्या जागी बसत नाही. सॅसच्या कनेक्टरमध्ये दोन भागांमधली फट भरलेली असते, ती साटाच्या खोबणीत जातच नाही. एनव्हीएमईला तर स्वतःची जोडणी लागते. डिस्क नंतर कधीही वाढवता येतात. बॅकप्लेन नंतर बदलायचं म्हणजे सुटे भाग, केबली आणि बंद सर्व्हर. म्हणून आज साटा घेतलीत तरी आठांपैकी दोन-चार कप्पे एनव्हीएमई घेऊ शकतील असा सर्व्हर मिळत असेल तर तेवढे जादा पैसे मी देईन.

टिकाऊपणाची भीती तुमचे एमडी काढतीलच, ‘एसएसडी झिजते म्हणे’. झिजते. दिवसाला एकदा पूर्ण लिहिण्याची हमी असलेली ९६० जीबीची डिस्क पाच वर्षांत सुमारे १,७५० टीबी लिहून घेते. तुमचा डेटाबेस सगळा मिळून १८० जीबीचा. दिवसाला ४० जीबी लिहिले असं भरभक्कम धरलं तरी पाच वर्षांत ७३ टीबी. म्हणजे सगळ्यात स्वस्त, ‘वाचनप्रधान’ म्हणून विकतात तो प्रकारही तुम्हाला पुरून उरतो. तीनदा लिहिण्याची हमी असलेल्या महाग डिस्क गळ्यात मारून घेऊ नका.

एमडी साहेबांना टीबीमागे किती रुपये हा हिशेब दाखवाल तर साटा हार्ड डिस्कच जिंकणार, आणि तुमचं कोटेशन तिथंच पडेल. त्यांना रांग दाखवा. बिलाच्या दिवसांत काट्यावर एका वाहनामागे दोन नोंदी, प्रत्येकी आठ सेकंद जादा. साडेतीनशे वाहनांचे दिवसाला दीड तासाहून अधिक. उभा ऊस वाळतो, वजन घटतं, वाहतूकदार ओरडतो, हे तुम्ही त्यांना शिकवायची गरज नाही. वाचलेल्या पैशातून मेमरी वाढवा. १२८ जीबी मेमरी असली तर बिलांची बहुतेक वाचनं डिस्कपर्यंत जाणारच नाहीत. उरलेल्यातून एक बॅकअप कारखान्याच्या आवाराबाहेर ठेवायची सोय करा. हलवाहलव बंद हंगामातच, आणि जुना सर्व्हर नव्या हंगामाचा पहिला पंधरवडा पार पडेपर्यंत जोडलेला असू द्या.

कोटेशनवर नुसतं ‘९६० जीबी एंटरप्राइज एसएसडी’ असं लिहून आलं तर परत पाठवा. पूर्ण मॉडेल नंबर हवा. त्याच्या माहितीपत्रकात पॉवर लॉस प्रोटेक्शन, दिवसाला किती वेळा लिहिण्याची हमी आणि वॉरंटीची वर्षं या तीन ओळी स्वतः वाचा.

आणि बॅटरी बघाल तेव्हाच आणखी एक करा. विंडोज असेल तर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या वाचण्या-लिहिण्याला सरासरी किती वेळ लागतो तो आकडा, लिनक्स असेल तर आयओस्टॅट या आज्ञेतला अवेट (तोच सरासरी वेळ), बिलं चालू असतानाचा एक तास आणि शांत वेळेचा एक तास असा नोंदवून ठेवा. २० मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर रांग लागलीच आहे. बिलांच्या वेळीही तो आकडा पाच-सहाच्या आत राहिला, तर मात्र दोष डिस्कचा नाही. मग प्रोग्रामने टेबल लॉक करून, म्हणजे दुसऱ्या कुणाला लिहिता येऊ नये असं अडवून, ठेवलंय का ते बघावं लागेल, आणि त्याला यातलं कुठलंच कोटेशन उपयोगाचं नाही. हे दोन आकडे आणि बॅटरीचा निकाल कळवा. ९६० घ्यायची की १.९२, ते त्यावरून सांगतो.